दणक्यांची वजाबाकी

जुन्या पिकअपच्या स्प्रिंगचे दोन नवे पाटे दुकानाच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवलेले आहेत. लांबी, रुंदी, जाडी, कमान सगळं सारखं. वरचा काळा रंगही तोच. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दीडपट. दोन्ही गाडीला बसतात, दोन्ही गाडी तेवढीच उचलून धरतात, आणि पहिल्या दिवशी खड्ड्यावरून जाताना दोन्ही सारखेच झुलतात. तरीही त्यातला एक पाटा वर्षानुवर्षं कांद्याच्या गोण्या वाहत राहतो आणि दुसरा पुढचा हंगाम यायच्या आतच भर रस्त्यात दुभंगतो.

अशा वेळी गॅरेजमध्ये निकाल तयार असतो: माल डुप्लिकेट होता. कधी तो अगदी बरोबर असतो. पण नावाजलेल्या कंपनीचा महागडा भागही कधीकधी तसाच अकाली जातो, आणि साधा लोकल भाग नेटानं टिकतो. याचं कारण शोधू लागलं की एक थक्क करणारी गोष्ट हाती लागते. गाडीखालच्या भागाचं आयुष्य ज्या गोष्टींवर ठरतं, त्यांतली जवळजवळ एकही दुकानात दिसत नाही. काही आयुष्य पोलादाच्या मिलिमीटरभरही जाड नसलेल्या कातडीत असतं. काही आयुष्य बोल्ट कसताना चाकं जमिनीवर होती की हवेत लटकत होती, यावर ठरतं. आणि काही तर त्या भागाच्या हातात नसतंच. ते शेजारच्या जुन्या, झिजलेल्या भागाच्या हातात असतं.

आधी या भागांना काय सोसावं लागतं ते पाहू. माल भरलेल्या पिकअपचं मागचं अंग चालताना सेकंदाला साधारण दीड ते दोन वेळा वरखाली होतं. गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर धावते आणि सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आहे असं धरलं, तर ती वर्षातले ७५० तास रस्त्यावर असते, म्हणजे २७ लाख सेकंद. सेकंदाला दीड झोका धरला तरी वर्षाचे ४० लाख झोके झाले. बहुतेक लहान, काही मध्यम, थोडे जबर. प्रत्येक झोक्यात पाटा किंचित सपाट होतो आणि परत कमानीत येतो. यातला कुठलाही एक झोका, अगदी सर्वांत मोठा दणकासुद्धा, चांगला पाटा मोडण्याएवढा ताकदवान नसतो. मग जो पाटा एका दणक्यात मोडत नाही, तो लाखो झोक्यांनंतर का मोडतो?

हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो रेल्वेच्या लोकांना, आणि तोही फार मोठी किंमत मोजून. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस म्यूदाँजवळ तुटला. इंजिनं रुळांवरून उतरली, डबे त्यांच्यावर चढले, आग लागली. डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हिल सहकुटुंब त्यांत होता. तो आस रोजचंच ओझं वाहत होता आणि त्या दिवशी त्याच्यावर वेगळं काहीच आलेलं नव्हतं. तुटलेली जागा खडबडीत, चमकदार दाण्यांची दिसे, म्हणून हादऱ्यांनी लोखंडाचा पोतच बदलतो आणि ते ठिसूळ होतं, असं त्या काळी बरेच जण मानत.

उत्तराच्या वाटेवर नेलं ते ऑगुस्ट व्यॉलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं. १८५०च्या दशकाच्या अखेरीपासून १८७०पर्यंत त्यानं आस आणि पट्ट्या यंत्रावर चढवून पुन्हा पुन्हा वाकवल्या, आणि किती ताणाला किती आवर्तनांत तुकडा पडतो याची नोंद ठेवली. एका फटक्यात जेवढा ताण पोलाद हसत सोसतं, त्याहून कितीतरी कमी ताण पुरेशा वेळा दिला तर तेच पोलाद तुटतं, हे त्यानं दाखवलं. त्याच्या नोंदींतून जी वक्ररेषा निघाली ती आजही प्रत्येक यंत्र अभियंता शिकतो. तिचा उतार पाहिला की धडकी भरते. ताण थोडासा वाढला की आयुष्य थोडंसं कमी होत नाही, ते कोसळतं. पाट्यावरचा ताण पाचव्या हिश्शानं वाढवला तर त्याचं आयुष्य निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. दीड टनाच्या गाडीत दोन टन भरणारा ‘अर्धा टनच तर जास्त आहे’ म्हणतो, तेव्हा गाडीखालच्या पोलादाचा हिशेब फार वेगळा चालू असतो.

पोलादाच्या आत काय घडतं ते १९०३ साली युइंग आणि हम्फ्री या दोघांनी केंब्रिजमध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. स्वीडिश लोखंडाच्या गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर, उलटसुलट ताण देत गेल्यावर, बारीक रेघा उमटू लागल्या. धातूच्या कणांमधले अणूंचे थर एकमेकांवरून सरकत होते आणि परतीच्या झोक्यात पूर्णपणे जागेवर येत नव्हते. रेघा दाट होत गेल्या, त्यांचे पट्टे झाले, आणि एका पट्ट्यातून तडा सुरू झाला. जाड तार हातानं पुढेमागे वाकवून तोडली आहे अशा प्रत्येकानं हेच घडवून आणलेलं असतं; फक्त तारेचं काम काही वाकांत संपतं आणि पाट्याचं लाखोंमध्ये. लोखंडाचा पोत बदलत नव्हता. त्यात एक चीर वाढत होती, आणि उरलेला धातू जेव्हा ओझं पेलायला अपुरा पडला तेव्हाच आवाज झाला.

म्हणूनच तुटलेल्या पाट्याचा तुकडा टाकून देण्याआधी उन्हात धरून पाहावा. त्या तोंडावर बहुधा दोन प्रदेश दिसतात. एक गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला. त्यात एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या अर्धगोल रेषा. दुसरा ताजा, खडबडीत, चकचकीत. गुळगुळीत भाग म्हणजे तडा जिथून निघाला आणि हळूहळू जितका पुढे गेला तो प्रदेश. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी एकदम फाटलेला. गुळगुळीत प्रदेश मोठा असेल तर पाटा बऱ्यापैकी कमी ओझ्याखाली, पण दीर्घकाळ मरत होता. खडबडीत मोठा असेल तर ओझं जबरदस्त होतं. अर्धगोलांचं केंद्र जिथे असेल तिथेच गुन्ह्याची जागा: गंजाचा खळगा, हातोड्याचा व्रण, किंवा मधल्या बोल्टच्या भोकाची कड. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तर त्या गुळगुळीत प्रदेशात याहूनही बारीक रेषा दिसतात, आणि अनुकूल ठिकाणी त्यांतली एकेक रेषा म्हणजे तड्यानं एका झोक्यात टाकलेलं एकेक पाऊल असतं. रस्त्यानं पाट्याच्या पोटात लिहून ठेवलेली ही रोजनिशी आहे, असं मला ती छायाचित्रं पाहताना नेहमी वाटतं.

केंद्र जवळजवळ नेहमी पृष्ठभागावर असतं, आणि त्याला साधं कारण आहे. पाटा वाकतो तेव्हा त्याच्या जाडीच्या मध्यावर ताण शून्य असतो आणि पृष्ठभागावर सर्वाधिक. ओझ्यानं कमान सपाट होते तेव्हा वरची, आत वळलेली बाजू ताणली जाते. तडा तिथेच उघडतो. म्हणजे पाट्याच्या बाहेरच्या थराची अवस्था हेच त्याचं भविष्य.

आता दोन पाट्यांमधला फरक कळतो. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम जातीचं असतं. ते साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात. त्यानं ते कठीण पण ठिसूळ होतं. मग पुन्हा ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवून त्याला चिवटपणा देतात. भट्टीतल्या हवेवर नीट नियंत्रण नसेल तर तापलेल्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो आणि मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा थर मऊ पडतो. बाहेरून काहीच कळत नाही. पण जिथे ताण सर्वाधिक, नेमकी तीच कातडी दुबळी झालेली असते.

याच्या उलट टोकाची प्रक्रिया तर फारच विलक्षण आहे. चांगल्या पाट्याच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात. प्रत्येक गोळी एक सूक्ष्म खळगी पाडते. खळगीखालचा धातू पसरू पाहतो, पण आतला धातू त्याला पसरू देत नाही. म्हणून बाहेरचा पातळ थर कायमचा दाबाखाली राहतो. आता ओझं आलं की तड्याला उघडायचं असेल तर आधी हा साठवलेला दाब संपवावा लागतो. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या जॉन आल्मेननं गेल्या शतकाच्या दुसऱ्या चतकोरात या प्रक्रियेला मोजमापाची शिस्त लावली, आणि गोळ्यांच्या माऱ्याची तीव्रता मोजण्यासाठी वापरली जाणारी पट्टी आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. पाट्याला जणू हजारो बारीक जखमा करून त्याचं आयुष्य काही पटींनी वाढवता येतं, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी तिचं नवल कमी होत नाही. स्वस्त पाटा करताना वगळायला सर्वांत सोपी पायरीही हीच, कारण रंग दिल्यावर ती केली आहे की नाही हे गिऱ्हाइकाला सहसा ओळखता येत नाही.

गाडीत बसवून पाहिलं तरी कळत नाही. पोलादाचा ताठपणा त्याच्या कडकपणावर जवळजवळ अवलंबून नसतो. मऊ असो, विझवलेलं असो, गोळ्या मारलेलं असो, ठरावीक ओझ्याखाली ते सारखंच वाकतं. म्हणून चांगला आणि वाईट पाटा पहिल्या दिवशी गाडी तेवढीच उचलतात आणि चालकाला तसूभरही फरक जाणवत नाही. फरक असतो तो कुठपर्यंत वाकून परत येईल आणि किती वेळा परत येईल यात. तो फक्त काळ दाखवतो.

मग जाड पाटा घालावा, म्हणजे प्रश्नच मिटेल? इथे अंतर्ज्ञान आपल्याला सरळ खड्ड्यात घालतं. पाट्यांच्या संचातले सगळे पाटे एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ओझ्याखाली सगळ्यांची कमान जवळजवळ सारखीच बदलते. आणि वाक सारखा असेल तर पृष्ठभागावरचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरच्या पाट्यांमध्ये १० मिलिमीटरचा एक पाटा घातला, तर तो शेजाऱ्यांच्या जवळपास दुप्पट ओझं उचलतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. आणि त्याच्या कातडीवरचा ताण सव्वापट होतो. व्यॉलरच्या वक्ररेषेवर सव्वापट म्हणजे आयुष्याचा फार मोठा लचका. संचातला सर्वांत धष्टपुष्ट पाटा सर्वांत आधी तुटतो तो असा. ज्यांनी जादा पाटा टाकून गाडी उंच केली आणि मग तोच तुटलेला पाहिला, त्यांची फसवणूक दुकानदारानं केलेलीच असेल असं नाही. भूमितीनंही केलेली असू शकते.

कसण्याचं गणितही असंच उलटं वाटतं. पाट्यांचा संच आसावर यू-बोल्टनी आवळलेला असतो. बोल्ट जितका घट्ट, तितका तो आधीच ताणलेला, म्हणजे तो लवकर तुटायला हवा असं वाटतं. घडतं नेमकं उलट. घट्ट आवळलेल्या जोडात बाहेरून येणारा बदलता ताण मुख्यतः दाबलेल्या भागांत शोषला जातो. बोल्टच्या वाट्याला त्यातला थोडाच अंश येतो. बोल्ट ढिला पडला की प्रत्येक झोक्याचा बदल थेट त्याच्यावर येतो. आणि पाट्यांचं तर याहून वाईट होतं. पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्टसाठी भोक असतं, आणि भोकाच्या कडेला ताण आजूबाजूच्या दुप्पट-तिप्पट साचतो. यू-बोल्ट घट्ट असतात तोवर तो मधला पट्टा जखडलेला राहतो, वाकतच नाही, आणि भोक सुरक्षित असतं. ते ढिले झाले की वाक भोकापर्यंत पोचतो. बरोबर मधोमध, भोकातूनच तुटलेला पाटा दिसला तर आधी यू-बोल्टची चौकशी करावी, पाटा विकणाऱ्याची नंतर. नवे पाटे बसवल्यावर रंगाचे थर दबतात, पाटे एकमेकांवर बसतात, आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेले यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर ढिले झालेले असतात. पुन्हा एकदा, माल भरलेल्या गाडीवर, ठरलेल्या टॉर्कनं ते कसायचे, हे जाणते मिस्त्री न विसरता सांगतात. गिऱ्हाईक परत येत नाही, ही त्यांची खंत असते.

पोलादाबरोबर गाडीखाली रबरही असतं, आणि त्याची कहाणी तितकीच अद्भुत आहे. बुश म्हणजे वरवर पाहता दोन लोखंडी नळ्यांमध्ये भरलेलं रबर. नैसर्गिक रबरात एक असा गुण आहे जो बहुतेक पदार्थांत नाही. ते जोरात ताणलं की त्याचे लांबलचक रेणू एका दिशेला लागतात आणि तात्पुरते स्फटिक बनतात. ताण सोडला की स्फटिक विरघळतात. काट्झ या शास्त्रज्ञानं १९२५ साली क्ष-किरणांनी हे दाखवलं. तड्याच्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो, म्हणून स्फटिकही नेमके तिथेच बनतात आणि तड्याची वाट अडवतात. जिथे फाटायला सुरुवात होते तिथेच आपोआप मजबूत होणारा हा पदार्थ झाडाच्या चिकातून येतो! त्यात नको तेवढी भुकटी आणि जुनं, पुन्हा दळलेलं रबर मिसळलं की हाच गुण हरवत जातो. बुश काळाच दिसतो, तितकाच गुळगुळीत दिसतो, पण तडा अडवणारं आत फारसं काही उरलेलं नसतं.

पण उत्तम रबराचा बुशसुद्धा काही महिन्यांत फाटू शकतो, आणि तो फाडतात बसवणारे हात. ज्या बुशमध्ये रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, तिथे काहीच घसरत नाही. चाकाला चासीशी जोडणारा आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. बोल्ट कसला की आतली नळी जखडली जाते, आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबराच्या लेखी ‘शून्य पीळ’ ठरतो. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लटकली आहेत, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण कसला. गाडी खाली उतरवताच आर्म वर येतो आणि रबराला मोठा पीळ बसतो. तो पीळ मग कधीच सुटत नाही. गाडी रात्रभर उभी असतानाही रबर पिळलेलंच असतं, आणि रस्त्यावरचा प्रत्येक झोका त्या पिळावर भर घालतो. त्यात हवेतला ओझोन भर टाकतो. हवेत त्याचं प्रमाण अत्यल्प असतं, आणि सैल रबराला तो फारसा तडकवू शकत नाही. पण ताणलेल्या रबरावर तो भेगा पाडत जातो. एक बोल्ट गाडी खाली घेण्याआधी कसला, एवढ्याच कारणानं उत्तम बुशचं आयुष्य संपू शकतं. उपाय तेवढाच साधा: बोल्ट हलके लावायचे, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्यायचं, आणि मगच अखेरचं कसायचं.

बॉल जॉइंटकडे, म्हणजे चाकाला वळू आणि वरखाली होऊ देणाऱ्या गोळा-खोबणीच्या सांध्याकडे, वळलं की या सगळ्याला जिवाचं मोल येतं. इथे अमेरिकेतल्या टोयोटा टाकोमा या पिकअपचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. १९९५ ते २००४ या पहिल्या पिढीच्या टाकोमाच्या पुढच्या चाकाशी खालचा बॉल जॉइंट असा बसवलेला आहे की गाडीचं वजन त्यातला गोळा खोबणीतून बाहेर ओढत असतं. काही गाड्यांत वजन गोळ्याला खोबणीत दाबतं. तिथे झीज झाली तर खडखड वाढते, पण गोळा सहसा आतच राहतो. ओढणाऱ्या रचनेत मात्र झीज एका हद्दीपलीकडे गेली की गोळा निसटतो, चाक बाहेरच्या बाजूला लोळतं आणि गाडीचं नाक जमिनीवर येतं. २००५ साली टोयोटानं टाकोमा आणि तिच्या भावंडांपैकी साडेसात लाखांहून अधिक गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या. दोष होता गोळ्याच्या पृष्ठभागावर बनवतानाच पडलेल्या ओरखड्याचा. कारखान्यातून आलेल्या मूळ भागात एक ओरखडा, आणि लाखो गाड्या दुरुस्तीला.

बॉल जॉइंटच्या आत गुळगुळीत गोळा, त्याभोवतीचं प्लॅस्टिकचं अस्तर आणि ग्रीस यांच्यात ठरावीक घट्टपणा राखलेला असतो. ओरखडा अस्तर खरवडतो, मोकळीक वाढते, मोकळीक वाढली की प्रत्येक खड्ड्याला गोळा आपटतो, आणि आपटण्यानं मोकळीक आणखी वाढते. रबरी टोपी फाटली तर हेच काम धूळ आणि पाणी करतात. ग्रीसमध्ये मिसळलेली रस्त्याची धूळ हा पॉलिश करायचा लेपच. जुन्या टाकोमाला पर्यायी बाजारातला स्वस्त बॉल जॉइंट लावणाऱ्यांना म्हणूनच इतकं सावध राहावं लागतं: भागाचं माप तेच असतं, गोळ्याचा गुळगुळीतपणा आणि टोपीचं रबर तेच असेल याची खात्री नसते, आणि रचना अशी की चूक माफ होत नाही.

आता शेजाऱ्यांकडे. जुन्या गाडीत नवा भाग एकटा कधीच नसतो. शॉकअपचं काम आठवा: चाक उडालं की पाट्यात साठलेली ऊर्जा तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून उष्णतेत बदलायची, म्हणजे झोका लगेच विरतो. शॉकअप मेलेलं असेल तर एका खड्ड्याचा एक झोका होत नाही, अनेक होतात. पाट्याला, बुशला, बॉल जॉइंटला रस्ता तोच असतो, पण झोके कितीतरी अधिक मोजावे लागतात. नवा पाटा जुन्या, तेल गळलेल्या शॉकअपशेजारी बसवणं म्हणजे त्याचं आयुष्य पहिल्या दिवशीच कमी करणं. जुन्या नकलचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या ओतीव भागाचं, शंकूच्या आकाराचं भोक झिजलेलं असेल तर नव्या बॉल जॉइंटची दांडी त्यात घट्ट बसत नाही, आणि प्रत्येक वळणाला ती थोडी वाकते. चासीला गंजानं बाक आला असेल तर एका बाजूचे पाटे कायम जास्त ओझं वाहतात. कोकणातल्या गाड्यांना आणखी एक शाप आहे. कोरड्या हवेत पोलादाला एक मर्यादा असते, जिच्याखालचा ताण ते जवळजवळ अमर्याद काळ सोसतं. खारट दमट हवेत ती मर्यादाच नाहीशी होते. गंजाचा प्रत्येक खळगा नव्या तड्याची सुरुवात करून देतो.

हे सगळे हिशेब एकत्र कसे मांडायचे? स्वीडनच्या पाल्मग्रेननं १९२४ साली बेअरिंगसाठी आणि अमेरिकेच्या मायनरनं १९४५ साली विमानांच्या धातूसाठी एक सोपी वजाबाकी सुचवली. एखादा पाटा ठरावीक ताणाचे दहा लाख झोके सोसू शकत असेल, तर तसा प्रत्येक झोका त्याच्या आयुष्याचा दहा लाखावा हिस्सा घेऊन जातो. त्याहून मोठे दणके दहा हजारच सोसणार असेल, तर एक दणका शंभर साध्या झोक्यांएवढा. न दिसलेल्या एका गतिरोधकावरून भरलेली गाडी वेगात गेली की काहीही मोडत नाही, पण खात्यातून शंभर झोके एकदम वजा होतात. राहिला प्रश्न वेड्यावाकड्या रस्त्यावरचे झोके मोजायचे कसे. जपानच्या तात्सुओ एंडोनं १९६८च्या सुमारास त्यासाठी एक सुंदर युक्ती काढली. ताणाचा नागमोडी आलेख उभा करायचा, त्याचं प्रत्येक शिखर पॅगोडाचं छप्पर समजायचं, आणि वरून पाऊस पडला तर पाणी कुठून कुठपर्यंत ओघळेल ते पाहायचं. ज्या ओघळी निघतात त्यावरून मोठे-लहान झोके वेगळे करून मोजता येतात. आज जगभरच्या गाड्यांचं आयुष्य या पावसाच्या हिशेबानं काढलं जातं.

पुण्याच्या कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत याच विद्येवर काम चालतं. खऱ्या रस्त्यावरचे ताण नोंदवायचे, त्यातले लहान, निरुपद्रवी झोके गाळायचे, आणि उरलेले यंत्रांकरवी भागाला अहोरात्र द्यायचे. रस्त्यावरची वर्षं अशी काही आठवड्यांत जगून घेता येतात. गाडी बनवणारी कंपनी पाटा किंवा बुश निवडते ती अशा परीक्षांनंतर. पर्यायी बाजारातला काही माल तितकाच तावून सुलाखून आलेला असतो. मूळ भाग पुरवणारेच कारखाने कधी बाजारालाही माल देतात. काही माल मात्र फक्त मापाची नक्कल असतो. आणि माप ही एकच गोष्ट अशी आहे जी डोळ्यांनी आणि पट्टीनं उतरवता येते. उष्णतेचा, माऱ्याचा आणि रबराच्या मिश्रणाचा इतिहास उतरवता येत नाही.

एवढं कळलं की जुन्या पिकअपच्या मालकाच्या हातात बरंच काही येतं. पाटा तुटला तर तुकड्याचं तोंड पाहा. तडा भोकातून निघाला, गंजातून की ओरखड्यातून, हे तो तुकडाच सांगेल. जाडी बदलू नका; जादा ओझ्यासाठी गाडीच बदलायला हवी असेल तर तसा निर्णय घ्या. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीची दर सर्व्हिसला चौकशी करा. नवा भाग घालण्याआधी शॉकअप, नकलचं भोक आणि चासीची कड तपासून घ्या. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर आल्यावर कसायला सांगा. यू-बोल्टसाठी पहिला माल वाहून झाल्यावर परत या. टॉर्क रेंचची दहा मिनिटं, जॅक उतरवून मग कसलेला बोल्ट आणि वेळेवर बदललेलं शॉकअप यांची मजुरी नव्या भागाच्या किमतीपुढे किरकोळ असते. त्या भागाची पुढची लाखो आवर्तनं, आणि घाटात भरलेल्या गाडीत बसलेल्या माणसांचा जीव, याच किरकोळ मजुरीवर ठरतो.